अपडेटने आवाज खुलतो का? एका म्युझिक प्लेअरचे परीक्षण

सोलापुरातल्या नवी पेठेतून घेतलेला हा खिशात मावणारा म्युझिक प्लेअर वायरच्या हेडफोनवर उत्तम वाजतो. तानपुऱ्याची जवारी आणि डग्ग्याची घुमक तो एकमेकांत मिसळू देत नाही. मात्र येथे विचार करायचा आहे तो त्याच्या नव्या सॉफ्टवेअर अपडेटचा, कारण 'अपडेट टाकल्यावर आवाज खुलला' असे दुकानदारापासून मित्रमंडळींपर्यंत सगळेच सांगतात.

सीडीवरून केलेली फ्लॅक फाइल (मूळ ध्वनीतले काहीही न गाळता आकाराने लहान केलेली) उलगडली की मूळचे 16 बिट, 44.1 किलोहर्ट्झचे आकडे जसेच्या तसे मिळतात, आणि प्रोग्रॅम सदोष नसेल तर आवृत्ती बदलल्याने त्यात फरक पडायला वाव नाही. फरक पडू शकतो तो पुढे: आवाजाची पातळी, इक्वलायझर (खालचे-वरचे सूर कमी-जास्त करण्याची सोय), आकड्यांचा विद्युत संकेत बनवणाऱ्या डॅक चिपमधील फिल्टर किंवा 44.1 चे 48 किलोहर्ट्झ करणारे रूपांतर, यांपैकी कशाला हात लागला तर.

म्हणून अपडेटच्या आधी आणि नंतर 100 हर्ट्झचा एकसुरी ध्वनी वाजवून हेडफोनच्या जागी मल्टिमीटर लावला. व्हॉल्यूमचा आकडा तोच असूनही नंतरचे एसी व्होल्टेज सुमारे 12 टक्के, म्हणजे साधारण 1 डेसिबलने जास्त भरले. अपडेटने इक्वलायझरची जुनी मांडणी पुसली होती आणि आवाज फाटू नये म्हणून तिच्यासोबत उतरवलेली पातळीही त्याबरोबर गेली होती. एवढी वाढ कानाला 'मोठी' न वाटता 'स्वच्छ' आणि 'मोकळी' वाटते.

जुनी आवृत्ती परत टाकता येते, ही या प्लेअरची मोठी सोय. दोन्हींवर इक्वलायझर बंद ठेवून, व्होल्टेज जुळवून, पूर्व भागातले यंत्रमाग थांबल्यावर रात्री ऐकले, तेव्हा मला फरक सांगता आला नाही. (मे महिन्यात सोलापुरात पंखा बंद करून अशी तुलना करणे हे अंगमेहनतीचे काम आहे.) अपडेटमध्ये आलेला फिल्टरचा नवा पर्याय 20 किलोहर्ट्झच्या आसपास काम करतो, जिथे मध्यमवयीन कान सहसा पोहोचतच नाहीत.

ब्लूटूथची गोष्ट वेगळी. तिथे एलडॅक हे ब्लूटूथवरून ध्वनी पाठवण्याचे तंत्र नव्याने आले असून त्याचा वेग सेकंदाला 990 किलोबिटपर्यंत जातो, त्यामुळे ते चालणारे हेडफोन असणाऱ्यांनी अपडेट जरूर घ्यावे. कंपनीने माहितीपत्रकात मात्र एलडॅकचा उल्लेख टाळून 'ध्वनीच्या दर्जात सुधारणा' एवढेच मोघम छापले आहे. इक्वलायझरची मांडणी जपून ठेवण्याची सोयही नाही, तेव्हा अपडेटपूर्वी त्या पडद्याचा फोटो काढून ठेवावा.