साक्षगंधाची हिऱ्याची अंगठी: वरूड, अमरावती आणि इतवारीतील खरेदीचा लेखाजोखा

धाकट्या मुलाचे साक्षगंध मार्गशीर्षात करायचे ठरले, त्याच सुमारास आंबिया बहाराचा बगीचा व्यापाऱ्याला देऊन झाला होता आणि अंगठीसाठी साधारण 65,000 रुपये बाजूला काढणे शक्य होते. आमच्याकडे साक्षगंधाला मुलीच्या बोटात सोन्याची अंगठी घालण्याची रीत आहे. हिऱ्याची मागणी पुण्यात नोकरी करणाऱ्या मुलाची होती. घरात कोणी यापूर्वी हिरा विकत घेतलेला नव्हता. म्हणून तीन गावांतील तीन दुकाने पाहिली, आणि तिन्ही ठिकाणी जे दिसले ते येथे क्रमाने नोंदवत आहे. दुकानांची नावे देत नाही, कारण प्रश्न नावाचा नसून पावती कशी लिहिली जाते याचा आहे.

आधी हे सांगितले पाहिजे की शेतकरी कुटुंबाचा दागिन्याकडे पाहण्याचा हिशेब शहरातल्यापेक्षा वेगळा असतो. मृगाच्या तोंडावर बी-बियाण्याला पैसा कमी पडला की घरातले सोने बँकेत किंवा पतसंस्थेत जाते आणि पीक हाती आल्यावर परत येते. तारण ठेवताना बँक फक्त सोन्याचे निव्वळ वजन आणि शुद्धता धरते. खडा कितीही मोलाचा असला तरी त्याचे वजन वजा होते आणि किंमत शून्य धरली जाते. म्हणजे हिऱ्याच्या अंगठीत आपण जो पैसा घालतो त्यातला अडीनडीला उपयोगी पडणारा किती आणि निव्वळ हौसेचा किती, हे घेण्यापूर्वीच वेगळे करता आले पाहिजे. मी तिन्ही दुकाने याच एका कसोटीवर तोलली.

पहिले दुकान वरूडचे, आमच्या पिढीजात सोनाराचे. त्याने चहा मागवला आणि स्पष्ट सांगितले, “गुरुजी, सोन्याचं म्या सांगतो, हिऱ्याचं मले नका इचारू. म्या मागवून देईन, पण तो कसा हाय ते मलेच समजत नाही.” गिऱ्हाईक हातचे जात असताना असे बोलणारा माणूस विरळा. त्याने एक उपयोगी गोष्ट मात्र समजावली. हिरा 22 कॅरेटच्या सोन्यात सहसा बसवत नाहीत, कारण ते मऊ असते आणि खड्याला धरणारी नखे झिजून वाकतात. त्यासाठी 18 कॅरेट, म्हणजे 1,000 भागांत 750 भाग शुद्ध सोने असलेला धातू वापरतात. त्यामुळे अंगठीवर 916 नव्हे तर 750 चा शिक्का शोधायचा. त्याच्यासोबत भारतीय मानक ब्यूरोचे चिन्ह आणि सहा अंकाक्षरांचा एचयूआयडी क्रमांक असतो. 1 एप्रिल 2023 पासून हॉलमार्कचा दागिना या क्रमांकाशिवाय विकता येत नाही. तो क्रमांक ‘बीआयएस केअर’ या ॲपमध्ये टाकला की दागिन्याचा प्रकार आणि शुद्धता समोर येते. हा शिक्का फक्त सोन्याची हमी देतो, हिऱ्याबद्दल तो एक शब्दही बोलत नाही, आणि पुढच्या दुकानात नेमका याच गोष्टीचा सोयीस्कर विसर पडलेला आढळला.

दुसरे दुकान अमरावतीचे, मोठ्या शोरूमच्या थाटाचे. बसायला गाद्या, प्यायला सरबत, आणि छतातून प्रत्येक काचपेटीवर सोडलेले पांढरे झोत. त्या उजेडात काचेचा तुकडासुद्धा चमकला असता. दाखवलेली अंगठी देखणी होती आणि चिठ्ठीवर ‘हिरा 30 सेंट’ असे लिहिले होते. हिऱ्याच्या वजनात एक कॅरेट म्हणजे 100 सेंट, म्हणजे 0.2 ग्रॅम, एवढे आम्ही वाचून गेलो होतो, त्यामुळे एका हिऱ्याचे वजन 30 सेंट आहे असेच आम्ही धरून चाललो. मुलाने भिंग मागितले तेव्हा कळले की मधला एक आणि भोवती सहा असे सात बारीक हिरे इतके लागून बसवले आहेत की दुरून एकच मोठा खडा भासावा. सातांचे मिळून वजन 30 सेंट होते. यात बेकायदेशीर काही नाही, आणि अशी घडण ज्यांना आवडते त्यांनी ती खुशाल घ्यावी. परंतु हिऱ्याचा कॅरेटमागचा दर आकारासोबत चढत जातो, त्यामुळे सात बारीक हिरे मिळून 30 सेंट आणि एकसंध 30 सेंट यांची किंमत कधीच सारखी नसते. विक्रेत्याने हे आपणहून सांगायला हवे होते.

किंमत सांगितली 71,500 रुपये, ‘सगळे मिळून’. मजुरीवर 50 टक्के सूट आहे हे चार वेळा सांगून झाले, पण मूळ मजुरी किती, सोने निव्वळ किती आणि हिऱ्याचा कॅरेटचा दर काय, हे विचारल्यावर प्रत्येक वेळी सरबत पुढे आले. शेवटी हाताने लिहिलेला जो हिशेब मिळाला त्यात सोन्याचा भाव दागिन्याच्या एकूण वजनावर लावलेला होता, म्हणजे हिऱ्याचे वजनही सोन्याच्या भावाने धरलेले. 30 सेंट म्हणजे 0.06 ग्रॅम, त्यामुळे फरक पाचशे-साडेपाचशे रुपयांचाच होता. मात्र मोठ्या रंगीत खड्यांच्या दागिन्यात हीच पद्धत हजारोंनी महाग पडते. हिऱ्याच्या प्रतीबद्दल ‘ई-एफ, व्हीव्हीएस’, म्हणजे रंग आणि निर्मळपणा दोन्ही वरच्या श्रेणीचे, असे मोघम सांगण्यात आले. प्रमाणपत्र मागितले तर विक्रेत्याने पेनासारखे एक यंत्र हिऱ्याला टेकवून ते वाजवून दाखवले. हे यंत्र उष्णता किती वेगाने वाहून जाते ते मोजते आणि काच किंवा झिरकॉन ओळखते. प्रयोगशाळेत वाढवलेला हिराही रासायनिकदृष्ट्या हिराच असल्याने त्यालाही ते तसेच वाजते. खाणीतला की प्रयोगशाळेतला, हे साध्या भिंगानेही कळत नाही, त्याला प्रयोगशाळेतील उपकरणे लागतात. निघताना ‘कच्च्या पावतीवर घेतल्यास कर वाचेल’ असेही सुचवण्यात आले. तीन टक्के कर वाचवण्यासाठी परतीचा सगळा हक्क सोडून द्यायचा, हा सल्ला ज्याने दिला त्याने दागिना परत आणणारे गिऱ्हाईक कधी डोळ्यांसमोर धरलेच नसावे.

तिसरे दुकान नागपूरला इतवारीच्या सराफा ओळीतले, दहा-बारा फूट रुंदीचे, जिना चढून वर. येथे तयार अंगठी न दाखवता आधी सुटे हिरे दाखवले गेले, आणि माझ्या मते खरेदीतला सगळा फरक येथूनच पडला. सुटा हिरा सर्व बाजूंनी पाहता येतो, त्याचे वजन वेगळे करता येते आणि त्याचे प्रमाणपत्र त्याच एका खड्याचे असते. जडवल्यानंतर दागिन्याचे जे प्रमाणपत्र देतात त्यात वजन बहुधा अंदाजे आणि प्रत मोघम असते. दुकानदाराने कागदाच्या पुड्या उलगडून पाच हिरे पांढऱ्या कागदावर ठेवले, चिमटा आणि दहापट भिंग मुलाच्या हातात दिले, आणि काहीही न बोलता आपल्या वहीत डोके घातले.

रंगाची श्रेणी इंग्रजी ‘डी’ पासून ‘झेड’ पर्यंत जाते. ती ‘ए’ पासून सुरू होत नाही, कारण अमेरिकेतील जीआयए संस्थेने ही मोजपट्टी आखली तेव्हा बाजारात ए, बी, सी ही अक्षरे आधीच सैलपणे वापरली जात होती. पिवळ्या सोन्यात बसवायचा असेल तर ‘डी’ किंवा ‘ई’ साठी जादा पैसे मोजण्यात अर्थ नाही. धातूचाच पिवळेपणा खड्यात उतरतो आणि ‘एच’ किंवा ‘आय’ रंगाचा हिराही तितकाच स्वच्छ दिसतो. निर्मळपणाचेही तेच. व्हीएस-2 प्रतीतले डाग भिंगातून शोधावे लागतात, नुसत्या डोळ्यांना दिसत नाहीत, त्यामुळे त्यावरच्या प्रतींचा पैसा बोटात दिसत नाही. जिथे हात आखडता घेऊ नये ती गोष्ट म्हणजे घडाई, पैलू पाडण्याचे काम. जुनी माणसे ज्याला हिऱ्याचे ‘पाणी’ म्हणतात ते बहुतांशी पैलूंच्या कोनांतून येते: हिरा प्रमाणापेक्षा खोल किंवा उथळ असला तर वरून आत गेलेला उजेड वर न परतता खालून आणि बाजूंनी निसटतो. आम्ही पाचही हिरे जिन्याच्या तोंडाशी, सावलीतल्या उजेडात नेऊन पाहिले. व्हीव्हीएस-2 पण घडाईत ‘गुड’ असलेला एक हिरा तेथे मलूल दिसला, आणि त्याच्यापेक्षा स्वस्त, व्हीएस-2 पण घडाईत ‘एक्सलंट’ असलेला हिरा सावलीतही खेळत होता.

वजनाच्या बाबतीत दुकानदाराने आपणहून एक सूचना केली. बाजारात हिऱ्याचे दर वजनाच्या टप्प्यांनी ठरतात. 23 ते 29 सेंट हा एक टप्पा आणि 30 ते 39 सेंट हा पुढचा. टप्पा ओलांडला की कॅरेटचा दर बदलतो आणि तो चढा दर फक्त वरच्या दोन सेंटांना नव्हे तर सगळ्या वजनाला लागतो. त्याच्याकडील 30 सेंटचा हिरा 34,500 रुपयांना आणि त्याच रंगाचा, त्याच प्रतीचा 28 सेंटचा 29,500 रुपयांना होता. व्यासात फरक जेमतेम 0.1 मिलिमीटर, म्हणजे 4.3 ऐवजी 4.2. साक्षगंधाच्या मांडवात कोणी मापपट्टी घेऊन येत नाही, तेव्हा 28 सेंटचा निश्चित झाला. त्याच्या कडेवर लेझरने कोरलेला प्रमाणपत्र क्रमांक भिंगातून वाचला आणि मुलाने मोबाईलवर प्रयोगशाळेच्या संकेतस्थळावर तो टाकून वजन, रंग आणि मापे जुळवून घेतली. मुलाचे हे काम मला आवडले. शाळेत त्याने उत्तर कधी ताडून पाहिले नाही.

प्रयोगशाळेत वाढवलेल्या हिऱ्याचा विषयही तेथेच निघाला. 50 सेंटचा, प्रमाणपत्रासह, सुमारे 11,000 रुपये. दिसायला मोठा, किमतीला निम्म्याहून कमी, आणि दुकानदाराने दाखवलाही मोकळेपणाने. मात्र ‘हा परत घेणार नाही’ हे त्याने पावतीवर लिहिण्याची तयारी ठेवली. आमच्या 28 सेंटच्या नैसर्गिक हिऱ्यासाठी रोख परतीत पावतीवरील किमतीच्या 70 टक्के आणि बदलीत 90 टक्के देण्याचे त्याने लेखी दिले. म्हणजे रोख परतीत 29,500 पैकी 20,650 परत आणि 8,850 रुपये गेले. दुसऱ्या हिऱ्यात 11,000 पूर्ण गेले, पण बाकीचे 18,500 रुपये पहिल्यापासून आपल्याच खिशात. आकड्यांपुरते पाहिले तर प्रयोगशाळेतला हिरा मागणाऱ्या मुलाची बाजू नैसर्गिक हिरा मागणाऱ्या त्याच्या आईच्या बाजूपेक्षा कमी पडत नव्हती, हे मी तेव्हाही मान्य केले. होणाऱ्या सुनेला फोनवर विचारले. तिने नैसर्गिक आणि लहान, खाली बसवलेला हिरा मागितला, कारण ती औषधाच्या दुकानात दिवसभर खोकी हाताळते आणि उंच नखे सतत अडकतात. प्रश्न तेथेच मिटला. परत येताना बसमध्ये मी मुलाला सांगितले की आपल्याच विदर्भात, गडचिरोलीच्या वैरागडला, एके काळी हिऱ्यांची खाण होती आणि मोगलकाळातल्या नोंदींत तिचा उल्लेख आहे. त्याने इयरफोन काढून ऐकले, एवढे मला पुरे होते.

आता पावती, जी या दुकानाची खरी शिफारस आहे. एकूण वजन 3.236 ग्रॅम, निव्वळ सोने 3.180 ग्रॅम, दोन्हींतील फरक 0.056 ग्रॅम आणि त्याला पाचने गुणले की 0.28 कॅरेट येते. घरी बसून हा गुणाकार जुळला तर पावती सरळ आहे असे समजावे. 18 कॅरेटचा त्या दिवशीचा भाव 9,400 रुपये ग्रॅम, म्हणून सोने 29,892 रुपये. मजुरी ठोक 3,500. ती टक्केवारीत न धरता ठोक ठरवून घेतली, कारण सोन्याचा भाव वाढला म्हणून कारागिराचे काम वाढत नाही. हिरा 29,500. बेरीज 62,892, त्यावर तीन टक्के जीएसटी 1,887, आणि हॉलमार्कचे करासह 53; एकूण 64,832 रुपये. यातले मजुरी, कर आणि हॉलमार्क मिळून 5,440 रुपये अंगठी बोटात गेल्या क्षणी संपले, हिऱ्यातले 8,850 परतीच्या वेळी संपतील, म्हणजे हौसेची किंमत साधारण 14,300 रुपये. बँकेत मात्र फक्त 3.180 ग्रॅम सोनेच उभे राहील, हे मुलाच्या आईला मी आधीच सांगून ठेवले आहे.

दुकानात उणिवाही होत्या. आठ दिवसांत देतो म्हणालेली अंगठी बाराव्या दिवशी मिळाली, आणि ती एका मापाने मोठी निघाली. माप त्यांच्याच कारागिराने कागदावरून उतरवले होते. त्यासाठी नागपूरची आणखी एक खेप झाली. अंगठी लहान करताना कापलेला सोन्याचा तुकडा त्यांनी सवयीने गल्ल्यात टाकला. मी विचारल्यावर त्याचे वजन केले, ते 0.110 ग्रॅम भरले. त्याचे 1,034 रुपये परत दिले आणि पावतीवर निव्वळ सोने 3.070 ग्रॅम असे दुरुस्त करून सही-शिक्का केला. विचारले नसते तर दिले असते का, हे मी त्यांना विचारले नाही.