‘पुरुष प्राध्यापक किती?’ एका आकडेवारीच्या संकेतस्थळाला तीन तारे

संख्याशास्त्र शिकवून निवृत्त झाले, पण तक्ते चाळायची खोड काही गेली नाही. गेले पंधरा दिवस एक फुकटचं आकडेवारीचं संकेतस्थळ वापरतेय. नाव घेत नाही, कारण पुढे तक्रार आहे. जगाचे विभाग निवडायचे, विषय निवडायचा, की समोर रंगीत स्तंभ उभे. मी निवडलं ‘उच्च शिक्षणातले पुरुष शिक्षक’. स्त्रियांची टक्केवारी सगळेच बघतात. मला वजाबाकी करून काय उरतं ते बघायचं होतं. (आमच्या विभागात कित्येक वर्षं मी एकटीच बाई, त्यामुळे कुतूहल जुनंच.)

वेग उत्तम. मूळ आकडे युनेस्कोच्या सांख्यिकी संस्थेचे, म्हणजे घरचे कोणी बसून रचलेले नव्हेत. तक्ता उतरवून घेता येतो. इथवर तक्रार नाही.

पण पहिला तक्ता उघडला आणि कपाळाला हात लावला. पूर्व आशिया-पॅसिफिकचा स्तंभ गगनाला भिडलेला, उप-सहारा आफ्रिकेचा त्याच्यापुढे अगदी बुटका. बघणारा म्हणेल, आफ्रिकेत पुरुष प्राध्यापक फारसे नाहीतच. टक्केवारी काढलीत तर गोष्ट उलटी. २०१८ मध्ये जगभरात उच्च शिक्षणातले साधारण ५७ टक्के शिक्षक पुरुष होते; उप-सहारा आफ्रिकेत मात्र चारांतले जवळपास तीन. स्तंभाची उंची सांगते ती मुख्यतः लोकसंख्या आणि महाविद्यालयांचा पसारा. टक्केवारीचं बटण आहे, पण ते तिसऱ्या पातळीवरच्या यादीत दडवून ठेवलंय. ते पहिल्या पानावर हवं होतं.

उंच स्तंभाच्या पोटात काय दडलंय तेही बघा. जपानमध्ये दहातले सातेक शिक्षक पुरुष, तर म्यानमारमध्ये बहुसंख्य स्त्रिया. दोघांची एकच सरमिसळ.

दक्षिण आशियावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवला. भारताच्या उच्च शिक्षण सर्वेक्षणात २०२१-२२ मध्ये १५.९८ लाख शिक्षक, त्यांत पुरुष ५६.६ टक्के, म्हणजे नऊ लाखांच्या आसपास. दर १०० पुरुषांमागे स्त्रिया २०१४-१५ मध्ये ६३ होत्या, त्या ७७ झाल्या. केवळ पुरुषांचा स्तंभ बघत बसलात तर हा बदल दिसायचाच नाही. इथे गुणोत्तर दाखवायची सोयच नाही, मी वहीत काढलं.

विभागांची नावं हा तर वेगळाच गोंधळ. जागतिक बँकेच्या ‘दक्षिण आशिया’त इराण नाही, संयुक्त राष्ट्रांच्या ‘दक्षिण आशिया’त आहे. संकेतस्थळावर दोन्ही वर्गवाऱ्या एकाच यादीत, शेजारी शेजारी, खुलासा न देता. मी पहिल्या दिवशी चुकीची निवडली आणि तासभर बेरीज का जुळत नाही म्हणून डोकं खाजवत बसले.

आणखी एक मेख. ही आकडेवारी डोकी मोजते. आठवड्याला दोन तास शिकवणारा आणि पूर्णवेळ प्राध्यापक, दोघेही एक-एकच. शिवाय एखाद्या देशाचा आकडा आला नाही, तर विभागाच्या बेरजेसाठी तो अंदाजाने भरतात. पद्धत चुकीची नाही, पण अंदाजाचा भाग फिक्या रंगात दाखवायला काय हरकत होती? हे सगळं तळटिपेत आहे म्हणा. कागदावर छापलं की तळटीप कापली जाते.

विद्यार्थ्यांना प्रकल्पासाठी हे वापरायला सांगेन का? सांगेन, पण टक्केवारीचं बटण कुठे आहे ते आधी दाखवून. दोन तारे कापले ते त्या बटणापायी आणि तळटिपेपायी. गोंधळलेल्या यादीबद्दल त्यांना लिहिलंय. ‘नोंद घेतली’ असं उत्तर आलं, यादी अजून तशीच आहे.