सहीची प्रत घ्यावी की आत पत्र असलेली?

जुनी मराठी पुस्तकं जमवणाऱ्याला हा प्रश्न कधी ना कधी पडतोच, खिशात पैसे एकाच पुस्तकापुरते आणि समोर एक लेखकाच्या सहीची प्रत, दुसरी बिनसहीची पण आत लेखकाच्या हातचं पत्र, आणि पत्रवाली अर्थातच महाग. मी जळगाव-अमळनेर-धुळे पट्ट्यात वीसेक वर्षं रद्दीची दुकानं आणि जुनी घरं पालथी घालतोय, त्यावरून सांगतो, पत्र त्याच पुस्तकाबद्दल असेल आणि ज्याला लिहिलंय त्याचंच नाव पुस्तकावर असेल तर ओढाताण करून का होईना पत्रवालीच घ्या, नाहीतर सही बरी.

माझ्याकडे अमळनेरच्या एका घरातून आलेला कवितासंग्रह आहे. पहिल्या पानावर एका मास्तरांचं नाव, आत त्याच मास्तरांना आलेलं कवीचं पोस्टकार्ड, त्यात लिहिलंय की छापखान्यानं अमुक ओळीत 'वारा'चं 'वार' केलंय तेवढं हातानं सुधारून घ्या, आणि ते पान उघडलं तर पेन्सिलीनं दिलेला काना, जरा तिरका, आजही दिसतो. सहीच्या प्रतीत लेखक एकटाच भेटतो, इथं दोघं भेटतात.

दुसरं म्हणजे खरंखोटं. सही म्हणजे दोन शब्द, सराव केला की कोणीही गिरवतो. पान भरून पत्र खोटं लिहिणं अवघड, कारण त्यात काळ येतो. १९६२ च्या शुद्धलेखनाच्या नियमांआधीची माणसं 'नाहीं', 'कांहीं' असं टिंबं देऊन लिहायची, त्यामुळे १९३५ च्या पत्रात एकही जास्तीचं टिंब नसेल तर मला शंका येते. तेवढं जुनं पत्र बॉलपेननं लिहिलेलं असेल तर तिथंच सोडा. पोस्टकार्डावर छापलेली किंमत बघा, १९५७ च्या आधी आणे-पै, नंतर पैसे. पिनकोड आला १५ ऑगस्ट १९७२ ला, त्याआधीच्या तारखेच्या पत्रावर पिन असला तर हात जोडून निघा. आणि आपल्या भागात कोणी बहिणाबाईंच्या सहीचं पुस्तक दाखवलं तर लगेच ओळखा, त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं, १९५१ च्या डिसेंबरात त्या गेल्या आणि गाणी पुस्तकरूपात आली १९५२ ला.

पत्रवालीत मोठा धोका जोडी जुळवण्याचा. मी एकदा फसलोय, विक्रेत्यानं पत्र मागच्या पुठ्ठ्याला सेलोटेपनं चिकटवलेलं, पत्र खरंच होतं पण कुठल्यातरी संमेलनाच्या प्रवासखर्चाबद्दल, पुस्तकाशी काडीचा संबंध नाही, आणि टेपचा पिवळा डाग अक्षरांवर कायमचा बसला. आता मी आधी पानांवरची सावली बघतो. पत्र वर्षानुवर्षं एकाच जागी असेल तर समोरासमोरच्या पानांवर त्याच्या मापाचा तपकिरी चौकोन उमटतो, टाचणी असेल तर गंजाचा ठिपकाही. सावली आणि पत्राचं माप जुळलं की माझं अर्धं काम झालं.

सांभाळायला मात्र सहीची प्रत सोपी, कपाटात उभी ठेवली आणि कसर लागू दिली नाही की झालं. पत्राचं तसं नाही, जुन्या काळ्या शाईत बरेचदा आम्ल असतं, ती कागद खाते, आणि आपल्याकडच्या उन्हाळ्यात घडीवरचा कागद आधीच कडक झालेला असतो, चार वेळा उघडला की घडीवरच तुटतो. म्हणून पत्र उघडून सपाट करून आम्लरहित कागदात वेगळं ठेवा, कुठल्या पानांत होतं त्याची चिठ्ठी पुस्तकात ठेवा. लॅमिनेशन अजिबात नको, लोक प्रेमानं करतात आणि पत्र संपतं.

अजून एक, पत्र तुमचं झालं तरी मजकूर छापायचा हक्क लेखकाचा किंवा त्याच्या वारसांचा राहतो. आणि साहित्याच्या दृष्टीनं मोलाचं, ७५ वर्षांच्या वरचं हस्तलिखित १९७२ च्या कायद्यानं पुरावस्तू धरलं जातं, ते परदेशातल्या गिऱ्हाइकाला पाठवता येत नाही, तेव्हा पुढे विकायच्या हिशोबानं घेणार असाल तर सहीचं पुस्तकच घ्या.

मोडीतलं पत्र मिळालं तर वाचता येत नाही म्हणून सोडू नका, पण पैसे द्यायच्या आधी जाणकाराकडून निदान नाव आणि तारीख वाचून घ्या. आणि घरून घेत असाल तर विचारा, बाकीची पत्रं कुठंयत, कारण मास्तरांच्या घरी ती माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत होती आणि दुसऱ्या दिवशी रद्दीत जाणार होती.