ग्रामसभेसाठी खाणमोजणी : शहाद्याच्या सर्व्हेवाल्यांची सेवा घ्यावी का?

तळोदा, अक्कलकुवा, धडगाव, नवापूर हे पूर्ण तालुके आणि शहादा, साक्री, शिरपूर, चोपडा, यावल, रावेरमधली काही गावे अनुसूचित क्षेत्रात येतात. तिथे दगडखाणीचा पट्टा द्यायचा तर १९९६ च्या पेसा (अनुसूचित क्षेत्रातल्या पंचायतींच्या) कायद्यानुसार ग्रामसभेची किंवा योग्य स्तरावरच्या पंचायतीची शिफारस आधी लागते. शिफारस देताना पाड्याचे लोक ब्रासमागे (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, २.८३ घनमीटर) वाटा ठरवून घेतात. मग ब्रास मोजतो कोण? बहुतेक ठिकाणी खाणवालाच. भागीदारी तिथेच लंगडी पडते, म्हणून ग्रामसभेच्या बाजूने मोजून देणारी शहाद्याच्या सर्व्हेवाल्यांची ही सेवा मोलाची वाटते.

काम ड्रोन आणि टोटल स्टेशन (कोन-अंतर मोजणारे तिपाईवरचे यंत्र) दोन्हींनी होते. खोदाईपूर्वीची मूळ पातळी घेण्याचा त्यांचा आग्रह अगदी बरोबर आहे. ती नसेल तर नंतर कितीही भारी यंत्र आणा, किती दगड गेला ते अंदाजानेच सांगावे लागते. बेंचमार्क, म्हणजे पातळी ताडून पाहायची कायमची खूण, खाणीच्या काठावर न ठेवता शाळेच्या जोत्यावर किंवा पुलाच्या कठड्यावर रंगवतात. काठावरची खूण पुढच्या सुरुंगात उडते.

ड्रोनचे फोटो जमिनीशी नेमके जुळावेत म्हणून चुन्याच्या पाच-सहा फुल्या मारतात, त्यातली एक खाणीच्या तळाशी हवीच. आणि पाणी उपसल्याशिवाय उड्डाण करू देऊ नका. खड्ड्यात पावसाचे पाणी असेल तर ड्रोनला तळ न दिसता पाण्याची पातळी दिसते. ४० मीटर बाय २५ मीटरच्या खाणीत दोन मीटर पाणी म्हणजे २,००० घनमीटर, जवळपास ७०० ब्रास हिशेबातून गेले. काठावर टाकलेला मुरुमाचा ढीग आणि झुडपेही जमीन म्हणून धरली जातात. ती हाताने वगळावी लागतात, आणि ते काम हे लोक नेटाने करतात.

खरा घोळ घन (खाणीतल्या अखंड) आणि सुट्या (फोडलेल्या) दगडाचा. वरची खाण सहा मीटर खोल गेली तर ६,००० घनमीटर, म्हणजे सुमारे २,१२० ब्रास. फुटलेला दगड फुगतो. दीडपटीच्या जरा खाली, १.४ धरले तरी डंपरमधून २,९७० ब्रास बाहेर पडतात. करारात ‘घन’ की ‘सुटा’ लिहिले नसेल तर ८५० ब्रासचा वाद कायमचा. ५० रुपये वाटा असेल तर पाड्याचे ४२,५०० रुपये त्यात अडकतात. अहवालात दोन्ही आकडे शेजारी-शेजारी देतात आणि महाखनिज या सरकारी पोर्टलवरच्या वाहतूक पासांची बेरीजही लावतात. हा रकाना सगळ्यात कामाचा.

डंपरचा डालाही मोजून देतात. १४ × ७.५ × ४ फुटांचा डाला ४.२ ब्रासचा, वर फूटभर फळी चढवली की ५.२५. म्हणून ट्रिपवर वाटा कधीच ठरवू नये. एवढे सगळे मोजणाऱ्यांच्या तयार करारनाम्यात मात्र ‘प्रति ट्रिप’ असाच शब्द आहे! तो नमुना वापरू नका. त्यात महसूल संहितेच्या कलम ३६अ चाही उल्लेख नाही. जमीन आदिवासी खातेदाराची असेल तर बिगर-आदिवासीला पाच वर्षांपर्यंत भाड्याने देण्यासाठीही जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी लागते, त्याहून लांब मुदतीला राज्य शासनाची मान्यताही. स्टँप पेपरवर नोटरी केली म्हणजे भागले, असे नाही. करारासाठी वकील वेगळा पाहा.

फी खोदाईच्या ब्रासवर न घेता क्षेत्रावर घेतात, त्यामुळे आकडा फुगवण्यात किंवा दाबण्यात त्यांचा काही फायदा नाही. पैसे ग्रामसभेच्या कोषातूनच द्या. खाणवाल्याने दिले तर अहवालही आधी त्याच्याच हातात जातो. मुख्य अहवाल इंग्रजीत असतो, सोबत मराठीतले एक पान, आणि सभेत पावरी (पावरा आदिवासींची बोली) बोलणारा माणूस येऊन खाणीच्या नकाशावर काठी ठेवून समजावतो. प्रश्न विचारायला बायका पुढे येतात त्या इथेच.

मोजणी मे महिन्यात धरा, तेव्हा तळ कोरडा असतो. गर्दीही तेव्हाच, म्हणून एप्रिलमध्येच सांगून ठेवा. कच्च्या बिंदूंची, म्हणजे जागेवर मोजलेल्या मूळ आकड्यांची फाइल मागितल्याशिवाय देत नाहीत. ती पेन ड्राइव्हवर घ्याच, नाहीतर उद्या वाद झाला तर दुसऱ्या सर्व्हेयरला हीच मोजणी तपासता येणार नाही.