मेपलच्या रसाची बारीक नळी : दोन हंगामांनंतर

अमेरिकेतल्या व्हरमाँटमध्ये शुगर मेपलच्या २२ झाडांना, ज्यांचा गोड रस आटवून पाक करतात, ३/१६ इंची नळी लावून दोन हंगाम झाले. पहिल्या वर्षी भेटेल त्याला मी हीच घ्या म्हणत होतो. यंदा मार्चमध्ये मत पार फिरलं.

ही नळी घेतली ती रस ओढणाऱ्या पंपाचा खर्च वाचवायला. व्हरमाँट विद्यापीठाच्या टिम विल्मट यांनी ती रुळवली. रात्री गोठून दिवसा पारा शून्याच्या वर गेला की रस सुटतो. बारीक नळीत तो सलग भरून उतरतो आणि त्याच्याच वजनाने वर ओढ बसते. झाड ते पिंप उंचीत ३० फूट उतार असला की ओढ पंपाच्या तोडीची. माझा उतार ३५ फूट. नळीतून बुडबुडे मुंग्यांच्या रांगेसारखे पळायचे, आणि मी बर्फात उभा राहून बघत बसायचो.

यंदा पिंप अर्धंही भरेना. विक्रेत्याला तीन फोन केले, तिन्ही वेळा एकच उत्तर: नळीला झोळ असेल, ताणून बांधा. नळी तारेसारखी ताठ होती! शेवटी एक टी, म्हणजे झाडाची नळी मुख्य नळीला जोडणारा T आकाराचा सांधा, ब्लेडने उभी चिरली. आत पिवळसर, बुळबुळीत थर, नखाने खरवडून निघेल असा. भोक उरलं होतं टाचणीच्या डोक्याएवढं. टीचं भोक मुळात नळीपेक्षा अरुंद, त्यात रसात साखर. ऊन चढलं की जीवाणू तिथेच ठाण मांडतात.

आमच्याकडे नाशिकला द्राक्षाला ठिबक आहे. ड्रिपर चोंदू नयेत म्हणून काका दर हंगामात ॲसिड सोडतात. हे लहानपणापासून बघूनही मी नळी नुसत्या पाण्याने धुतली, याची फार चीड येते. दोन आठवड्यांत अंदाजे ३०० लिटर रस गेला, म्हणजे सात लिटर पाक. टी मिळते अर्ध्या डॉलरला!

एप्रिलची भर: सगळ्या टी बदलल्या आणि उरलेल्या दहा दिवसांत पिंप दोनदा भरलं. म्हणजे नळीचा दोष नव्हता, मार्चचा राग मागे घेतो. टी मात्र आता दरवर्षी नव्या. हंगाम संपल्यावर नळी कॅल्शियम हायपोक्लोराइट या जंतुनाशकाने धुतली. सोडियमवालं वापरू नका, मागे मीठ राहतं आणि खारुताया नळी कुरतडतात. उतार बेताचा असेल तर जाड ५/१६ इंचीच घ्या. आणि विक्रेत्याने झोळ म्हटलं तर आधी एक टी चिरून बघा.