आयव्हर जॉन्सनचे जुने रिव्हॉल्व्हर : घरच्या दुरुस्तीसाठी कितपत योग्य?

एखादे जुने, स्वस्तातले रिव्हॉल्व्हर स्वतःच्या हाताने स्वच्छ करून जपावे, अशी इच्छा असणाऱ्याने आयव्हर जॉन्सन या अमेरिकी कंपनीच्या ‘सेफ्टी ऑटोमॅटिक’ या प्रकाराचा जरूर विचार करावा, असे माझे मत आहे. मात्र त्याची नेमकी कोणती आवृत्ती हाती आली आहे आणि काम कुठे थांबवायचे, या दोन गोष्टी आधी ठरवायला हव्यात. माझ्याकडचे रिव्हॉल्व्हर तिसऱ्या आवृत्तीचे आहे : काडतुसांसाठी पाच घरे असलेले फिरते चक्र, .३८ एस अँड डब्ल्यू (स्मिथ अँड वेसन) हे काडतूस, निकेलचा मुलामा आणि कडक रबराच्या मुठीवर कोरलेले घुबडाचे डोके. ते हाती आले तेव्हा चक्र फिरत नव्हते, चाप अर्ध्यावर अडकत होता आणि नळीच्या एका बाजूचा मुलामा पापुद्र्यांसारखा सुटला होता.

नॉर्वेत जन्मलेल्या आयव्हर जॉन्सन यांनी १८७१ साली मॅसॅच्युसेट्समधील वूस्टर येथे एका भागीदाराबरोबर हा व्यवसाय सुरू केला आणि १८९१ मध्ये कारखाना फिचबर्गला हलवला. सामान्य माणसाला परवडेल असे शस्त्र बनवणे हाच त्यांचा धंदा होता, आणि ही रिव्हॉल्व्हरे इतक्या मोठ्या संख्येने खपली की आजही ती सहज सापडतात. १९०१ साली बफेलो येथे अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष मॅकिन्ली यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या त्या याच कंपनीच्या .३२ रिव्हॉल्व्हरमधून. नावातल्या ‘ऑटोमॅटिक’ या शब्दाने पुष्कळांचा गैरसमज होतो. नळी खाली वाकवून रिव्हॉल्व्हर उघडले की रिकामी काडतुसे आपोआप बाहेर ढकलली जातात, एवढाच त्या शब्दाचा अर्थ आहे.

‘सेफ्टी’ हा शब्द मात्र पूर्ण खरा आहे, आणि मला या शस्त्राबद्दल आदर वाटतो तो त्यामुळेच. यात घोडा (चाप ओढल्यावर पुढे आपटणारा भाग) थेट फायरिंग पिनवर, म्हणजे काडतुसावर आघात करणाऱ्या खिळीवर, आदळत नाही. चाप पूर्ण मागे ओढल्यावरच मधली एक पट्टी वर सरकते, घोडा त्या पट्टीवर आघात करतो आणि पट्टी तो पिनपर्यंत पोहोचवते. म्हणूनच घोड्यावर हातोडा मारून पाहा, असे आव्हान कंपनी आपल्या जाहिरातीतून देत असे. स्वस्त वस्तूत इतका विचार ओतलेला पाहिला की ती साफ करताना हात आपोआप जपून चालतो.

आता आवृत्तीविषयी, कारण इथली चूक जिवावर बेतू शकते. १८९४ पासून निघालेल्या पहिल्या आणि त्यानंतरच्या दुसऱ्या आवृत्तीतील पोलाद काळ्या दारूच्या, म्हणजे काडतुसातील जुन्या प्रकारच्या स्फोटक भुकटीच्या, कमी दाबासाठी होते. अधिक दाब निर्माण करणाऱ्या धूरविरहित दारूसाठी बनवलेली तिसरी आवृत्ती १९०९ मध्ये आली. मुठीच्या पट्ट्या काढल्यावर मुख्य स्प्रिंग चपट्या पट्टीची दिसली तर ती जुनी आवृत्ती समजावी, वेटोळ्यांची दिसली तर तिसरी. नळीवर कोरलेल्या तारखांवरून वय ठरवू नये. त्या पेटंटच्या तारखा असतात, निर्मितीच्या नव्हेत. अमेरिकी संघीय कायद्यानुसार १८९८ किंवा त्याआधी बनलेले शस्त्रच पुरातन गणले जाते, त्यामुळे तिसऱ्या आवृत्तीला बंदुकीचे सारे नियम लागू होतात. शिवाय .३८ स्पेशल हे वेगळे आणि अधिक जोरकस काडतूस आहे. नाव सारखे वाटते म्हणून ते या चक्रात बसवण्याचा विचारही करू नये.

काम सुरू करण्याआधी रिव्हॉल्व्हर उघडून पाचही घरे डोळ्यांनी आणि बोटाने तपासावीत, आणि काडतुसे त्या खोलीतही ठेवू नयेत. स्क्रू हा माझ्या मते या कामातला सर्वांत मोठा प्रश्न आहे. जुन्या स्क्रूंच्या खाचा अरुंद आणि सरळ भिंतींच्या असतात. घरातल्या नेहमीच्या पेचकसाचे टोक निमुळते असल्यामुळे ते खाचेत नीट न बसता वर चढते आणि कडा कुरतडते. समांतर कडांचे, बंदुकीच्या कामासाठीचे पेचकस घेण्यात जराही काटकसर करू नये. मी मुरणारे तेल घालून स्क्रू दोन दिवस तसेच ठेवले, आणि एकही खाच बिघडली नाही. मुठीच्या पट्ट्यांच्या बाबतीतही हीच घाई नडते : बाहेरून टोक घालून उचकटले की शंभर वर्षांचे ठिसूळ रबर तुटते. स्क्रू थोडा सैल करून त्याच्या डोक्यावर हलकेच दाब दिला की समोरची पट्टी आतून सुटते.

चक्र आणि चाप अडकण्याचे कारण तुटलेला भाग नव्हता, तर वाळून लाखेसारखे घट्ट झालेले जुने तेल होते. अशा शस्त्रांच्या बाबतीत हे इतके वारंवार घडते की सुटे भाग मागवण्याआधी नीट साफसफाई करून पाहावी, असा माझा आग्रह आहे. द्रावकात भिजवून, नायलॉनच्या ब्रशने घासून आणि पुसून झाल्यावर यंत्रणा मोकळी झाली. मात्र अमोनिया असलेले द्रावक निकेलवर फार वेळ राहू देऊ नये; मुलाम्याखाली तांब्याचा थर असेल तर अमोनिया तो खातो आणि वरचे निकेल सुटू लागते. जुन्या नळीतील साक्यात शिसे असते, म्हणून हातमोजे आणि उघडी खिडकी ही ऐच्छिक बाब मानू नये.

बाहेरच्या गंजासाठी तेल आणि सर्वांत बारीक, म्हणजे चार शून्यांची पोलादी लोकर वापरली, आणि तीही जिथे मुलामा उडालेला आहे तिथेच. सुटलेले निकेल परत चिकटत नाही, हे एकदा मान्य करावे लागते. मुलामा उडालेल्या जागी काळा रंग देणारे द्रावण लावण्याचा सल्ला अनेकदा दिला जातो. ते पोलादावर काम करते, निकेलवर नाही, त्यामुळे शेवटी एक ठिपकेदार, धड ना जुना धड ना नवा असा पृष्ठभाग उरतो. पॉलिशच्या फिरत्या चाकाबद्दल तर माझे मत अतिशय कठोर आहे. त्या चाकाखाली नळीवरची अक्षरे पुसट होतात, कडा गोलावतात, स्क्रूची भोके बशीसारखी खोलगट होतात, आणि गेलेले पोलाद कुठल्याही कारागिराला परत आणता येत नाही. अनुक्रमांक घासून नाहीसा करणे हा तर अमेरिकेत संघीय गुन्हाच आहे. मुठीचे काळे रबर उन्हाने तपकिरी झाले होते; ते मी तसेच राहू दिले, कारण तो रंग या वस्तूच्या वयाचाच भाग आहे.

या रचनेचा खरा दोष तिच्या सोयीतच आहे. नळी आणि मुठीचा सांगाडा बिजागरीने जोडलेले असतात आणि वरच्या खटक्याने बंद होतात. वर्षानुवर्षांच्या उघडझापीने दोन्ही ठिकाणी झीज होते आणि नळी किंचित डुलू लागते. रिव्हॉल्व्हर विकत घेताना मुलाम्यापेक्षा आधी हे पाहावे : बंद स्थितीत नळी वर-खाली हलते का, चाप पूर्ण ओढून धरल्यावर चक्र जागच्या जागी घट्ट राहते का, आणि नळीला कुठे फुगवटा आहे का. यांपैकी काहीही आढळले तर तो घरच्या टेबलावर सोडवण्याचा प्रश्न नव्हे. खटक्यावर कानस चालवून किंवा ठोकून सैलपणा घालवल्याची उदाहरणे मी पाहिली आहेत. तसे शस्त्र हातात आधीपेक्षा घट्ट लागते, पण आधीपेक्षा सुरक्षित मुळीच नसते.

माझ्या रिव्हॉल्व्हरच्या खटक्यात असा थोडा सैलपणा आहे. एका अनुभवी बंदूक-कारागिराला ते दाखवले, तेव्हा त्यांनी ते झाडू नये असे स्पष्ट सांगितले, आणि मी ते मान्य केले. चाप आता न अडकता पूर्ण मागे जातो, घोडा आणि पिन यांच्यामधली सुरक्षेची पट्टी आपले काम बिनचूक करते, उघडल्यावर काडतुसे बाहेर ढकलणारा चांदणीच्या आकाराचा भाग आज पुन्हा खटकन मागे जातो. संग्रहातील वस्तूंसाठी वापरल्या जाणाऱ्या सूक्ष्मस्फटिकी मेणाचा पातळ थर बाहेरून दिला आहे, आत तेलाचा केवळ एक थेंब आहे, आणि कातड्यातली आम्ले व ओल धातूला लागू नये म्हणून चामड्याच्या म्यानाऐवजी ते साध्या सुती कापडात गुंडाळून कुलपात ठेवले आहे.