कच्चे लिंबू कोण? भाचीबरोबर खेळलेले माइनक्राफ्ट

मुलांबरोबर खेळताना मोठ्या माणसाच्या वाट्याला बहुधा दोनच भूमिका येतात: एक तर मुद्दाम हरायचे, नाहीतर नियम सांगत पंच होऊन बसायचे. सापशिडीत फाशाच्या कृपेने बरोबरी होते खरी, पण तिथे डोके चालवायला वावच नसतो. आणि बुद्धिबळात आपण वजीर उगाच पुढे सरकवला की समोरच्या मुलाला आपली लबाडी कळलेली असते. गेले आठ महिने मी माझ्या दहा वर्षांच्या भाचीबरोबर माइनक्राफ्ट हा व्हिडिओ गेम खेळतो आहे. या काळात मला एकदाही मुद्दाम हरावे लागलेले नाही, कारण पहिले कित्येक आठवडे मी सगळा जीव ओतूनही तोंडघशीच पडत होतो.

मोजांग या स्वीडिश कंपनीने २०११ मध्ये पूर्ण स्वरूपात आणलेला आणि २०१४ पासून मायक्रोसॉफ्टच्या मालकीचा असलेला हा खेळ आता नवा राहिलेला नाही. २०२३ पर्यंत त्याच्या ३० कोटींहून अधिक प्रती विकल्या गेल्या होत्या. ठोकळ्यांच्या एका अफाट जगात आपल्याला रिकाम्या हाताने सोडले जाते. झाडे तोडावीत, दगड खणावेत, त्यांतून हत्यारे घडवावीत, रात्रीच्या राक्षसांपासून वाचायला घर बांधावे. पण यांपैकी अमुकच करा असे कोणी सांगत नाही. शेवटी मारायचा एक ड्रॅगन आहे, तरी त्याला मारल्यावरही जग संपत नाही, आणि त्याच्याकडे कधी फिरकलेच नाही म्हणून काही अडतही नाही. जिंकण्याची रेषाच नसल्यामुळे कोण पुढे आणि कोण मागे हे मोजायचे तरी कशाने?

लहानपणी खेळात धाकट्या भावंडांना ‘कच्चे लिंबू’ म्हणून घेतले जाई, म्हणजे ते खेळात असत पण त्यांच्यावर राज्य येत नसे. इथे कच्चे लिंबू मी होतो. एका हाताने चालायचे आणि त्याच वेळी दुसऱ्या हाताने मान वळवायची, हे मला जमेना. पहिल्या दिवशी तर पाऊण तासात गरगरायला लागले. मग मी सरळ पायाखालची जमीन खणत खाली गेलो आणि लाव्ह्यात पडलो. “मामा, पायाखाली कधीच खणायचं नसतं,” भाचीने सांगितले, आणि त्या स्वरात कौतुकही नव्हते, चेष्टाही नव्हती. एखाद्या अनुभवी गवंड्याने नव्या हाताला सांगावे तसे ते होते. दगडी कुदळीने हिऱ्याचा ठोकळा फोडला तर हिरा मिळतच नाही, त्याला लोखंडी कुदळच लागते, हेही मी तिच्याकडूनच शिकलो, अर्थात एक हिरा वाया घालवल्यानंतर.

मात्र मोठ्या माणसाचे काहीच चालत नाही असेही नाही. एका कोळशात भट्टीत आठ नग भाजून निघतात. तेव्हा खोल खाणीत उतरण्यापूर्वी कोळसा किती, मशाली किती, याचा हिशोब माझ्याकडे आला. रेडस्टोनचा, म्हणजे खेळात विजेच्या तारेसारखी वापरता येणाऱ्या लाल भुकटीचा, संदेश पंधरा ठोकळ्यांपलीकडे जात नाही, हे आम्ही आपोआप उघडणारे दार बनवताना दोघांनी मिळून, बरीच खटपट करून शोधले. तिची नजर आणि चपळाई, माझा धीर आणि आकडेमोड, असा हा व्यवहार होता, आणि त्यात कोणी कोणावर उपकार करत नव्हते.

म्हणूनच माझी शिफारस ‘सर्व्हायव्हल’ प्रकाराची आहे. ‘क्रिएटिव्ह’मध्ये सामान अमर्याद मिळते आणि जीव जात नाही, इमारती सुंदर होतात, पण एकमेकांची गरज उरत नाही, आणि थोड्या वेळाने दोघे दोन कोपऱ्यांत आपापले महाल बांधत बसतात. सर्व्हायव्हलमध्ये मेल्यावर सामान तिथेच पडते आणि साधारण पाच मिनिटांत नाहीसे होते, त्यामुळे ते वाचवायला दुसऱ्याला धावावे लागते. माझ्या मते या खेळातला सर्वांत शहाणा नियम रात्रीचा आहे: नेहमीच्या मांडणीत जगातले सगळे खेळाडू अंथरुणावर पडल्याशिवाय रात्र झटक्यात सरत नाही. एकाला खाणीतून वर यायचे नसेल तर दुसऱ्याने समजूत घालावी किंवा वाट पाहावी. तिथे वयाचा धाक चालत नाही. मी चालवून पाहिला आहे.

खरी अडचण खेळापेक्षा आपल्या सवयीची आहे. तिसऱ्याच आठवड्यात मी तिचा वाकडा मनोरा ‘सरळ’ करायला घेतला आणि त्यानंतर दोन दिवस ती माझ्याबरोबर खेळली नाही. आता दुसऱ्याने रचलेल्या ठोकळ्याला विचारल्याशिवाय हात लावायचा नाही असे ठरले आहे.

घेण्यापूर्वी एक गोष्ट तपासावी. खेळाच्या ‘जावा’ आणि ‘बेडरॉक’ या दोन आवृत्त्या एकमेकींत मिसळत नाहीत, तेव्हा दोघांकडे एकच आवृत्ती हवी. टीव्हीला जोडलेल्या कन्सोलवर बेडरॉकमध्ये पडदा विभागून चार जणांपर्यंत एकत्र खेळता येते, आणि शेजारी बसून खेळण्याची मजा मला तरी अधिक वाटते. बेडरॉकमधील दुकानात पोशाख आणि तयार जगे विकायला असतात. त्यांवाचून काहीही अडत नाही.

पडद्याबाहेर मात्र घड्याळ मोठ्यांच्याच हातात राहते. ते थोडे तरी सैल व्हावे म्हणून आम्ही वेळ खेळातल्या दिवसांत मोजायचे ठरवले. तिथला एक दिवस-रात्र वीस मिनिटांची, म्हणून तीन दिवस म्हणजे एक तास, असा माझा हिशोब होता. आठवडाभराने भाचीने त्यातली खोट दाखवली: झोपल्यावर रात्र वगळली जाते, त्यामुळे दिवस साधारण साडेदहा मिनिटांतच उरकतो आणि तिला प्रत्यक्षात जेमतेम अर्धा तास मिळत होता. आता करार सहा दिवसांचा आहे.